आठ वर्षांवरची गाडी दर पासिंगला अडते? आधी काय बघायचं आणि कुठे हात थांबवायचा

माझी सात सीटर व्हॅन २०१२ ची. पेट्रोल-सीएनजी, सकाळ-दुपार शाळेची मुलं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस, म्हणजे आरटीओची तपासणी, आपल्या भाषेत पासिंग, दोन वर्षांनी करायचं असतं, आठ ओलांडली की दर वर्षी. माझं २०२० चं कोविडच्या मुदतवाढीत निघून गेलं, त्यानंतर मात्र एकही वर्ष चुकलेलं नाही. शिवाय मेहुण्याची टॅक्सी आणि गल्लीतल्या चार-पाच व्हॅन पासिंगच्या आधी माझ्याच दारात उभ्या असतात. मी गॅरेजवाला नाही, पाने हाताळायची सवय असलेला ड्रायव्हर आहे.

खाजगी गाडीवाल्यांना हा त्रास पंधरा वर्षांनी सुरू होतो आणि पुढे दर पाच वर्षांनी येतो. तपासणी थोडीफार तीच, तेव्हा त्यांनीही वाचायला हरकत नाही.

या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. गाडी ज्या कारणाने यंदा अडली, त्याच कारणाने पुढच्या वर्षीही अडते. बल्ब बदलला, पण होल्डर जळलेलाच राहिला. लायनर बदलले, पण ब्रेक एका बाजूला ओढतोच. पासिंगपुरतं झालं की विषय संपतो आणि अकरा महिन्यांनी तीच कुरकुर परत.

लक्षणं

यातलं काही ओळखीचं वाटतंय का बघा.

– एक हेडलाइट पांढरा, दुसरा पिवळट आणि मंद. बल्ब नवीन टाकला तरी दोन महिन्यांत पुन्हा तसाच.
– ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच्या तालावर नाचतो.
– जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला पळतं.
– हँडब्रेक काखेपर्यंत ओढला तरी चढावर गाडी मागे सरकते.
– स्टिअरिंग सरळ धरून थोडं हलवलं तर चाकाला कळतच नाही.
– पीयूसीवाला दोनदा नळी घालतो, मान हलवतो, आणि "थोडी रेस करून आणा" म्हणतो.
– एका पुढच्या टायरची फक्त आतली कड गुळगुळीत.

काही न उघडता, एक पैसा न घालवता

तारखेच्या महिनाभर आधी सुरुवात करा. आदल्या रविवारी सुरू केलं की माणूस मिळेल तो मिस्त्री आणि मिळेल तो पार्ट घेतो. तारीख उलटली की दिवसाला पन्नास रुपये, या हिशेबावरून २०२४ मध्ये रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले होते, ते आठवत असेल.

कागद आधी. विमा, पीयूसी, टॅक्स, परमिट आणि थकलेली ई-चलनं. मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये दहा मिनिटांत दिसतं. गॅसकिट बाहेरून बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का बघा. सीएनजीच्या टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. टाकीवरच्या प्लेटची तारीख वाचा, एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. आमच्या गल्लीतली एक व्हॅन सगळ्यात पास होऊन केवळ या प्लेटवर परत आली होती. टाकी उतरवून, टेस्ट करून, परत बसवून आणायला आठवडा जातो आणि तोवर मुलांना दुसऱ्या गाडीत बसवावं लागतं.

मग चेसिस नंबर. तिथे पेन्सिल घासून ठसा घेतात किंवा टॉर्च मारून वाचतात. जुन्या गाडीत त्या जागी चिखल, ऑइल आणि गंज यांचा थर बसलेला असतो. डिझेलचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी कापडाने पुसा, गरज पडली तर पितळी ब्रश हलक्या हाताने. ग्राइंडर लावू नका. ग्राइंडरने एकदा आकडा खाल्ला की तुमचा शब्द कोणी धरणार नाही. नंबर खरोखरच पुसला गेला असेल तर स्वतः पंच मारायचाच नाही, तो गुन्ह्यात मोडतो. आरटीओत अर्ज करून परवानगीनेच पुन्हा कोरावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हे महिनाभर आधी.

बाकी हॉर्न, वायपर, आरसे, सगळे सीटबेल्ट, नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा, हे चहा पिता पिता होतं. रिफ्लेक्टर पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. एकाच रिळाची चहूकडे चिकटवलेली गाडी मी पाहिलीय. शाळेची गाडी असेल तर आग विझवायच्या लाल बाटलीचा काटा हिरव्यात आहे का आणि प्रथमोपचार पेटीतला मलम कोणत्या सालचा आहे, तेही बघा.

लाइट: बल्बला दोष देण्याआधी

गाड्या सगळ्यात जास्त कशावर अडतात म्हणाल तर लाइटवर. आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त तीच.

एक हेडलाइट मंद असेल तर नवीन बल्ब आणू नका. डावा बल्ब उजवीकडे लावा, उजवा डावीकडे. मंदपणा बल्बबरोबर पलीकडे गेला तर बल्ब थकलाय. मंदपणा त्याच बाजूला बसून राहिला तर बल्बचा काही संबंध नाही, दोष होल्डरात किंवा अर्थिंगमध्ये. एवढी एक अदलाबदल न केल्यामुळे मी एका वर्षात तीन बल्ब घेतले होते.

अर्थिंगची गंमत अशी, की करंट बल्बपर्यंत नीट पोचतो, पण परत जायचा रस्ता गंजलेला. मग तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो तो यामुळे. खात्री करायची तर एक हातभर वायर घ्या. तिचं एक टोक होल्डरच्या अर्थच्या तारेला, दुसरं इंजिनवर किंवा बॉडीवर स्वच्छ घासलेल्या जागी टेकवा. दिवा एकदम पांढरा झाला की दोष सापडला. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर रस्ता खराब. उपाय म्हणजे दहा नंबरचा पाना, घासकागद आणि थोडं पेट्रोलियम जेली. नट खोला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा, वरून जेली.

होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलं असेल तर तो बदलाच. आणि मागच्या मालकाने जास्त वॉटचे बल्ब टाकलेत का बघा. एच-फोर बल्ब साधा ६०/५५ वॉटचा असतो. शंभर वॉटचा टाकला की उजेड दोन महिने, मग होल्डर भाजतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये पांढरे एलईडी बसवणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. झोत फुटतो, समोरच्याचे डोळे जातात आणि तपासणीत ते लगेच दिसतं.

मग झोताची उंची. सपाट जागेत भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, मागे सामान नाही. डिपरची, म्हणजे खालच्या झोताची, वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा-बारा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे आणि दोन्ही बाजूंची रेघ एका पातळीत हवी. काच पिवळी पडली असेल तर पॉलिशचं किट आणा. टूथपेस्टने होतं, पण पावसाळा संपेपर्यंत पुन्हा पिवळी.

इथे थांबायचं कधी? फ्यूज बदलल्या बदलल्या पुन्हा उडत असेल तर. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका, कुठेतरी वायरिंग सोलून बॉडीला लागतंय. इलेक्ट्रिशियनकडे जा. सीएनजीच्या गाडीत तर आजच जा.

टायर

चारचाकीच्या टायरची नक्षी कमीत कमी १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टी नको. टायरच्या खाचेत आडवे उंचवटे असतात, बाजूला छोटा त्रिकोण किंवा खूण असते, तिच्या रेषेत बघा. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड हाताने चाचपा. बाहेरून छान दिसणारा टायर आतून टकला निघणं ही नेहमीची गोष्ट, आणि ती अलाइनमेंट किंवा बुश गेल्याची चिठ्ठी असते. टायर बदलून ती चिठ्ठी फाडली जाते, वाचली जात नाही. स्टेपनीही बघतात.

दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी करून घ्या. पुढे ब्रेकचं बोलणार आहे, त्याआधी हे झालेलं हवं. पाच-सहा पीएसआयचा फरक असला तरी गाडी ओढते आणि माणूस उगीच कॅलिपर (पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड दाबणारा भाग) खोलत बसतो.

पीयूसी

बीएस-फोर (भारत स्टेज, प्रदूषणाचा टप्पा) पेट्रोल गाडीला मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. त्याआधीच्या बीएस-टू, बीएस-थ्रीला ०.५ टक्के आणि ७५०. डिझेलला धुराचा दाटपणा मोजतात, बीएस-फोरला ५०, जुन्याला ६५. तुमच्या कागदावर छापलेला आकडा याच्या किती जवळ गेलाय ते दर वेळी बघा. गेल्या खेपेला ०.१ होता आणि यंदा ०.२८ आला, तर पास होऊनही गाडी काहीतरी सांगतेय.

क्रम साधा आहे. एअर फिल्टर, मग प्लग, मग इंजिन पूर्ण गरम करून, म्हणजे आठ-दहा किलोमीटर चालवून, मोजमाप. थंड इंजिनावर चांगली गाडीही नापास होते. त्यानंतर सायलेन्सरच्या जोडाला भोक आहे का ते ऐका. भोकातून बाहेरची हवा आत शिरून आकडा खोटा येतो. आणि माझ्यासारखी गाडी, जिचं इंजिन सीटखाली असतं, तिच्यात हाच धूर मुलांच्या पायाशी येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते भोक पासिंगसाठी बुजवायचं नाही, उद्या सकाळी मुलं बसायच्या आत बुजवायचं.

टाकीत ओतायच्या बाटल्या मी दोनदा वापरल्या. आता वापरत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही येणारा दाट पांढरा धूर आणि घटणारं कूलंट म्हणजे हेड गॅस्केट. दोन्ही ठिकाणी पाना खाली ठेवा.

ब्रेक: इथे सावकाश

पुण्यातल्या व्यावसायिक गाड्या सासवडजवळच्या दिवे गावातल्या ट्रॅकवर जातात. ब्रेक टेस्टला २५० मीटरचा ट्रॅक हवाच, असा मुंबई उच्च न्यायालयाने धोसरा लावल्यापासून आवारात दहा पावलं पुढे घेऊन "हं, ठीक" म्हणण्याचे दिवस गेले. जिथे स्वयंचलित केंद्रं झाली तिथे चाकं रोलरवर चढतात आणि डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक मशीनवर आकड्यात दिसतो. तिथे "साहेब, आत्ताच लायनर टाकलेत" या वाक्याला काही किंमत नाही.

माझी गाडी लागोपाठ तीन वर्षं डावीकडे ओढायची. पहिल्या वर्षी पॅड बदलले. दुसऱ्या वर्षी पॅड, डिस्क प्लेट आणि अलाइनमेंट. दर वेळी महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी ट्रॅकवर ब्रेक मारला आणि गाडी पांढरी रेघ ओलांडून कडेच्या गवतात एक चाक टाकून थांबली. इन्स्पेक्टर काही बोलले नाहीत, नुसता कागद पुढे केला. कारण काय निघालं ते पुढे सांगतो, कारण ते शोधायला जो क्रम लागला तोच इथे देतोय.

पहिली तपासणी, जागेवर बसून. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा मारा, पेडल कडक होईल. दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर दोष बूस्टरमध्ये (पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) किंवा त्याच्या व्हॅक्यूम नळीत. आता इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू जमिनीकडे सरकत असेल आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. तिथेच थांबा. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.

दुसरी, ब्रेक ऑइल. डबीवर मिनिमम आणि मॅक्सिममच्या रेघा असतात. पातळी उतरलीय तर नुसतं भरू नका. ऑइल जळत नाही की उडून जात नाही. एक तर पॅड झिजलेत म्हणून ते खाली उतरलंय किंवा कुठेतरी गळतंय. रंग चहासारखा काळपट असेल तर दोन वर्षांच्या वर झालेत. ते हवेतलं पाणी ओढतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं होतं.

आणि हे ठळक वाचा. आपण सगळे त्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो, म्हणून कोणीतरी कधीतरी त्यात इंजिन ऑइल ओततं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, टॅक्सीच्या बदली ड्रायव्हरने केलं होतं. डबीच्या झाकणावरच डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घालायचं. इंजिन ऑइलचा एक कपही गेला तर आतलं प्रत्येक रबर फुगतं: मास्टर सिलिंडरचे वायसर, होज, व्हील सिलिंडरचे कप, सगळं. ते धुऊन निघत नाही, सगळं रबर बदलावं लागतं.

तिसरी, हँडब्रेक. लिव्हर ओढताना टक-टक मोजा. साधारण सहा-सात टकटकींत गाडी धरली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. दहा-बारा होत असतील तर बहुतेक जण सरळ केबलचा नट आवळतात. मीही आवळायचो. पण मागचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर केबल आवळून उपयोग नाही. उलट आपोआप ॲडजस्ट होणारी आतली पट्टी अडकते आणि पायाचा ब्रेकही खोल जातो. आधी ड्रममधलं अंतर, मग केबल.

चौथी, मागच्या चाकांची आतली बाजू. टॉर्च घेऊन खाली वाका. ड्रमच्या मागच्या प्लेटवर किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला की व्हील सिलिंडर गळतोय. ड्रम खोलल्यावर सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट नखाने जरा उचला. आत थेंब असेल तर तो आज नाही तर पुढच्या महिन्यात बाहेर येणार. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावायचे नाहीत, आणि काम दोन्ही बाजूंचं एकदम करायचं. एका बाजूचं नवीन आणि दुसऱ्या बाजूचं जुनं लावलं की ओढणं आपणच तयार करतो. धूळ फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाते.

पाचवी, पुढची उष्णता. रिकाम्या रस्त्यावर सात-आठ किलोमीटर चालवा, शेवटचा भाग ब्रेक न मारता, आणि गाडी आपोआप थांबू द्या. मग दोन्ही पुढच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. चिकटवू नका, भाजेल. एक कोमट आणि दुसरं तापलेलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये.

आणि सहावी, जी मला तीन वर्षं कळली नव्हती. नीट लक्ष दिलं तर माझी गाडी ब्रेक दाबताना डावीकडे ओढायची आणि ब्रेक सोडल्यावर क्षणभर उजवीकडे. दाबताना एकीकडे, सोडल्यावर दुसरीकडे. हे ऐकल्यावर आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने चाकसुद्धा खोललं नाही. म्हणाला, "उजवा होज बदल. पॅड कशाला बदलतोस दर वर्षी?" पुढच्या चाकाला जाणारी रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसत होती. आतून फुगून तिची वाट बारीक झाली होती. पेडल दाबलं की उजवीकडे दाब उशिरा पोचायचा, म्हणून डावं चाक आधी धरायचं. पेडल सोडलं की तो दाब परत यायला वेळ लागायचा, म्हणून उजवं चाक चिकटून राहायचं. पॅड नवे टाकताना पिस्टन मागे ढकलला जायचा, चाक मोकळं व्हायचं, म्हणून महिनाभर बरं वाटायचं.

खात्री त्याने माझ्यासमोर केली. चाक वर उचलून ब्रेक मारून सोडला, चाक हाताने फिरेना. कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा बोल्ट, किंचित ढिला केला, पिचकारी उडाली आणि चाक गरगर फिरायला लागलं. निपल सोडल्यावर चाक सुटलं तर दोष होजमध्ये. तरीही अडकलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना. दोन्ही बाजूंच्या होज बदलल्या, एअर काढली, आणि खर्च आधीच्या दोन वर्षांच्या पॅडपेक्षा कमी झाला.

पिनांना ग्रीस लावायचं तर ब्रेकचंच खास ग्रीस. बेअरिंगचं ग्रीस लावलं की पिनेवरचं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम.

निपल उघडायचं काम मी इथे समजण्यासाठी सांगितलं, करण्यासाठी नाही. ब्रेकच्या बंद नळ्यांमध्ये एकदा हवा शिरली की ती पूर्ण काढता आली पाहिजे, आणि एबीएसची गाडी असेल तर ती घरी निघतेच असं नाही. माझी रेघ इथे आहे: बघणं, चाचपणं, मोजणं माझं. नळी, निपल, सिलिंडर खोलणं मिस्त्रीचं. लोखंडी ब्रेक पाइपवर गंजाचे फोड दिसले तर त्या दिवशी गाडी शाळेला जात नाही.

स्टिअरिंग आणि खालची बाजू

एक जण स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा खाली टाय रॉडच्या (स्टिअरिंगकडून चाकाला जाणारा दांडा) टोकावर हात ठेवतो. टोकात कट-कट जाणवली की एंड गेला. मग पुढचं चाक उचला आणि गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खेळ असेल तर टाय रॉड. एवढं कळलं तरी गॅरेजमध्ये "सगळं सस्पेन्शन बदलावं लागेल" हे ऐकून घ्यावं लागत नाही. बदलणं त्यांच्याकडेच, कारण नंतर अलाइनमेंट हवी.

पत्र्यासाठी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पुरते. रबरी मॅट उचला आणि फ्लोअर, दाराखालचा पाट, सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात त्या जागा ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला किंवा पापुद्रे पडले तर कुजलाय. चार महिने मुलांच्या ओल्या छत्र्या आणि दप्तरं मॅटवर ठिबकतात, त्यामुळे व्हॅन वरून चकचकीत आणि खालून चाळणी झालेली असते. त्यावर पुट्टी आणि डांबराचा काळा थर मारून देणारे आहेत. वर्ष निघतं. पण सीटबेल्टचा बोल्ट पुट्टीत बसलेला असतो. चेसिसच्या दांड्याला किंवा बेल्टच्या जागेला भोक पडलं असेल तर हा विषय तुमचा नाही, चांगल्या वेल्डरचा आहे. तो वेल्डिंगआधी बॅटरी सोडेल आणि गॅसची टाकी बाजूला काढायला लावेल. न विचारता थेट ठिणग्या उडवायला लागला तर गाडी परत घेऊन या.

सीएनजीला वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोलवर घ्या, काचा उघडा, अधिकृत केंद्र गाठा. टेफलॉन टेप गुंडाळून बघणं नाही. एअरबॅगचा दिवा पेटत असेल तरी तेच, त्या पिवळ्या वायरिंगला हात नको.

त्या दिवशी

गाडी खालून धुवायची असेल तर दोन दिवस आधी. एका वर्षी मी सकाळी सर्व्हिस स्टेशनवर फवारा मारून घेतला आणि थेट ट्रॅकवर गेलो. एका ड्रममध्ये पाणी होतं, दुसऱ्यात नव्हतं. सगळं ठीक असलेली गाडी सापासारखी वळली. ओले ब्रेक वाळवायचे तर किलोमीटरभर हळू चालवत पाय हलकेच टेकवत राहायचं.

डिकीत दहा आणि तेराचा पाना, एक हेडलाइटचा आणि एक स्टॉपलाइटचा बल्ब, तीन-चार फ्यूज, घासकागद, फडकं. रांगेत उभं असताना मागच्याला विचारा, "भाऊ, ब्रेकलाइट बघा जरा." त्याचे तुम्ही बघा.

अडलीच तर कारण लिहून घ्या, नेमक्या शब्दांत. "ब्रेक कमी" वेगळं, "मागचा डावा कमी" वेगळं. गेटवर कोणीतरी हमखास भेटतो, "द्या इकडे, करून देतो" म्हणतो. कागद तो करून देईल, पण उजवा होज तेवढाच फुगलेला राहील आणि संध्याकाळी गाडीत सात मुलं असतील.

मी ग्लव्ह बॉक्समध्ये शाळेची एक जुनी वही ठेवतो. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठली बाजू. यंदाची माझी तारीख ऑगस्टात आहे. वहीत सध्या दोन ओळी आहेत: हायड्रो टेस्ट जुलैत संपते, आणि मागच्या उजव्या ड्रमच्या प्लेटवर बारीक ओल. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणून ठेवलेत, मिस्त्री गुरुवारी येतोय.